नोंदवहीतून संशोधनाकडे : नुनाविकच्या इनुइट सुईणी

कॅनडातील क्वेबेक प्रांताचा उत्तरेकडचा जवळजवळ एक तृतीयांश भाग म्हणजे नुनाविक. येथे इनुइट लोकांची चौदा गावे आहेत. सात हडसन किनाऱ्याच्या बाजूला आणि सात उंगावा उपसागराच्या बाजूला. एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही आणि दक्षिणेच्या शहरांकडेही नाही. जाणे-येणे विमानाचे. हडसन बाजूच्या सात गावांचे आरोग्य इनुउलित्सिविक आरोग्यकेंद्राकडे सोपवलेले आहे. त्याच्या पुविर्नितुक येथील रुग्णालयात १९८६ साली प्रसूतिगृह सुरू झाले, आणि गावातल्याच इनुइट बायकांना सुईणीचे रीतसर शिक्षण देण्याचे कामही तेथूनच उभे राहिले. या शिक्षणातून तयार झालेल्या सुईणी पुढे आपल्याच परिसरातील बाळंतपणांचा अभ्यास मांडू लागल्या. त्यांना या अभ्यासात साथ देण्याचे काम दक्षिणेतून आलेल्या सुईणी, डॉक्टर आणि विद्यापीठांतले संशोधक करीत आले आहेत. लांबून पाहता हे पद्धती शिकवण्याचे काम वाटते. पद्धती हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

प्रसूतिगृह निघण्याआधीची परिस्थिती समजल्याशिवाय या संशोधनाची निकड कळत नाही. १९७० च्या दशकापासून गरोदर बाईला दिवस भरत येण्याच्या काही आठवडे आधी विमानात बसवून मूस फॅक्टरीला किंवा मॉन्ट्रियलला पाठवण्याचा शिरस्ता पडला होता. थोरली मुले मागे राहत, नवरा मागे राहत असे, आणि आपली भाषा न कळणाऱ्यांच्या हातून बाळंत होऊन ती परत येई. यामागे वाईट हेतू नव्हता. मोठ्या रुग्णालयात बाळंतपण अधिक सुरक्षित, हा त्या काळचा सरळ हिशेब होता. पण त्या हिशेबात मागे राहिलेल्या घराचे काय होते याची नोंद कुठेच नव्हती. गावातल्या बायकांनी आणि वृद्धांनी याविरुद्ध आवाज उठवला, आणि नवे रुग्णालय होणार असेल तर बाळंतपणे गावातच झाली पाहिजेत असा आग्रह धरला. त्या वेळी क्वेबेकमध्ये सुईणीच्या व्यवसायाला कायद्याची मान्यता नव्हती. ती १९९९ साली मिळाली. म्हणजे कायदा येण्याआधी तेरा वर्षे पुविर्नितुकच्या सुईणी बाळंतपणे करीत होत्या. इनुकजुआकला १९९८ मध्ये आणि सालुइतला २००४ मध्ये प्रसूतिकेंद्रे निघाली.

मान्यता नसलेल्या सेवेला रोज एकच प्रश्न विचारला जातो : हे सुरक्षित आहे कशावरून? या गावांत सिझेरियनची सोय नव्हती. शस्त्रक्रियेची गरज पडली तर हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या मॉन्ट्रियलला न्यावे लागे, आणि हवा बिघडली की विमान उडतच नसे. अशा ठिकाणी बाळंतपणे करू देणे हा दक्षिणेतल्या अनेक डॉक्टरांना वेडेपणा वाटला तर नवल नाही. उत्तर द्यायला आकडे हवे होते, आणि ते सुईणींच्या वह्यांत होते. म्हणून नुनाविकमध्ये संशोधन हे पदवीनंतरचे जास्तीचे शिक्षण म्हणून आले नाही. सेवा टिकवण्याची ती अट होती.

शिक्षणाची पद्धतही याला पूरक ठरली. विद्यार्थिनी गाव सोडून महाविद्यालयात जात नाही. अनुभवी सुईणीच्या हाताखाली ती तपासणी, बाळंतपण आणि बाळंतिणीची देखभाल शिकते आणि सोबत पाठ पुरे करत जाते. वर्षांचा हिशेब ठरलेला नसतो, कौशल्य हाती आले की पुढची पायरी. यात इनुक्तितुत भाषेत बोलणाऱ्या वृद्ध बायकांचे ज्ञान आणि रक्तस्राव थांबवण्याची औषधे या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात शिकाव्या लागतात. अशा मुलीला नंतर संशोधनाचा आराखडा समजावताना जाणवते की निरीक्षण आणि नोंद या दोन सवयी तिच्या अंगात आधीच मुरलेल्या आहेत. तिला अनोळखी असते ते नोंदीवरून सर्वसाधारण विधान करणे. आणि त्यातही तिची नाखुशी बहुधा अडाणीपणाची नसते. प्रत्यक्ष न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ठामपणे बोलू नये, हा तिच्या घरचा संस्कार असतो. शोधनिबंधाच्या निष्कर्षात तिने घातलेले ‘आमच्या गावांत तरी’ हे शब्द मार्गदर्शकाने खोडू नयेत. पुष्कळदा तेच विधान सर्वांत अचूक असते.

संशोधनाची खरी शाळा म्हणजे प्रसूतिपूर्व आढावा समिती. साधारण ३२ आठवड्यांच्या सुमारास प्रत्येक गरोदर बाईची परिस्थिती या समितीपुढे येते. सुईणी, डॉक्टर, परिचारिका एकत्र बसून किंवा फोनवरून चर्चा करतात, आणि बाळंतपण कुठे व्हावे हे ठरते. चर्चेची सूत्रे सुईणींकडे असतात. रक्तदाब, रक्ताचे प्रमाण, आधीची बाळंतपणे हे तर पाहिले जातेच. पण तिला दूर पाठवले तर घरात काय होईल, तिच्या मनाची तयारी काय, हेही जोखमीच्या बाजूला मांडले जाते. ‘दूर पाठवणे’ ही एक वैद्यकीय जोखीम म्हणून तोलायची, हा या समितीचा सर्वांत मोठा विचार आहे, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातून आलेला नाही. आठवड्यामागून आठवडे तेथे बसणारी सुईण ‘हे तुला कसे कळले?’ हा प्रश्न ऐकायला आणि विचारायला सरावते.

प्रश्न कोणाचा, येथे पहिली ओढाताण होते. निधी बहुधा विद्यापीठांच्या वाटेने येतो, आणि नुनाविकमध्ये विद्यापीठ नाही. त्यामुळे प्रश्न दक्षिणेत तयार होऊन येतात : मधुमेह, धूम्रपान, कमी दिवसांची बाळे. ते खोटे नसतात. पण सुईणींना मोकळे बोलू दिले तर वेगळेच विषय निघतात. एक उदाहरण पुरे. नुनाविकमध्ये बाळाची नाळ कापणाऱ्या किंवा त्याला पहिले कपडे घालणाऱ्या व्यक्तीशी बाळाचे आयुष्यभराचे नाते जुळते. तिला सानाजी म्हणतात. मूल मोठे होऊन पहिली शिकार करते तेव्हा ती सानाजीला नेऊन देते. मॉन्ट्रियलच्या रुग्णालयात नाळ कापणारा डॉक्टर त्या मुलाला पुन्हा कधी दिसणार? दूर झालेल्या बाळंतपणांनी ही नाती किती तुटली आणि गावात परतलेल्या बाळंतपणांनी किती सांधली, हा माताआरोग्याचा प्रश्न आहे की समाजशास्त्राचा, यावर समीक्षक वाद घालतील. गावाच्या दृष्टीने तो आरोग्याचाच आहे. प्रसूतीच्या अहवालात मात्र त्यासाठी रकाना नसतो. रकाना नव्याने आखायला मदत करणे हे साथ देणाऱ्याचे काम.

प्रश्न आणि निष्कर्ष गावाच्या हातात नसले तर काय होते, याचा धडा नुनाविकला फार आधी मिळाला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्वेबेकमधील वैद्यकीय संशोधक एरिक देवायी आईच्या दुधातील प्रदूषक रसायनांचा अभ्यास करीत होते. उत्तरेतल्या एका सुईणीने सुचवले म्हणून तेथील दुधाचे नमुनेही घेतले गेले. ते स्वच्छ निघतील, तुलनेला उपयोगी पडतील, अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. इनुइट मातांच्या दुधात पीसीबी या रसायनांचे प्रमाण दक्षिण क्वेबेकमधील मातांच्या सुमारे पाचपट भरले. १९८९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही रसायने तेथे कोणी वापरली नव्हती. दूरच्या उद्योगांतून वाऱ्याबरोबर आणि समुद्रप्रवाहांबरोबर ती उत्तरेला पोचली, समुद्री प्राण्यांच्या चरबीत साठत गेली, आणि बेलुगा व्हेल आणि सील खाणाऱ्या बायकांच्या अंगात आली.

बातमी आली तेव्हा पाळण्यात बाळे होती. अंगावर पाजायचे की नाही, हा प्रश्न आया संशोधकाला विचारणार नव्हत्या. तो सुईणींनाच विचारला गेला. स्तनपान चालू ठेवावे, त्याचे फायदे धोक्यापेक्षा मोठे आहेत, असा सल्ला आरोग्ययंत्रणेने दिला. पण आकडा आधी आला आणि त्याचा अर्थ मागून. या गोंधळातूनच संशोधनाची छाननी करणारी स्थानिक समिती उभी राहिली. तीच पुढे नुनाविक पोषण आणि आरोग्य समिती झाली. जगाच्या पातळीवर याच शोधाने टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरील २००१ च्या स्टॉकहोम कराराला बळ दिले. कुजुआकच्या शीला वॉट-क्लूतिये यांनी त्या वाटाघाटींत इनुइट मातांची बाजू मांडली. एवढ्या मोठ्या विषयाची सुरुवात एका सुईणीच्या सूचनेपासून झाली, हे संशोधनाच्या इतिहासात जेमतेम एका ओळीत येते.

मराठी वाचकाला येथे गडचिरोली आठवेल. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगाचा त्रास असल्याचे १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून दाखवले. तपासलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम ८ टक्क्यांची याआधी कधी तशी तपासणी झाली होती. दोन्ही अभ्यास एकाच वर्षी छापून आले हा योगायोग. पण साम्य त्याहून खोल आहे. ज्या दुखण्याविषयी बायका आपापसांतच बोलतात, ते कागदावर यायला त्यांच्या विश्वासातले माणूस लागते. फरक इतकाच की गडचिरोलीत ते माणूस डॉक्टर होते, आणि नुनाविकमध्ये गावातलीच सुईण.

प्रत्यक्ष कामात सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे वेळ. सुईण चोवीस तास हाकेवर असते. अभ्यासासाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवला तरी कळा त्याच दिवशी सुरू होतात. तिच्या जागी दुसरी सुईण उभी करण्याचा खर्च अर्जात धरलेला नसेल तर ते संशोधन रात्री जागून होते किंवा होतच नाही. उपकरणे, प्रवास, सॉफ्टवेअर यांचे खर्च निधी देणाऱ्यांना पटतात, बदली सुईणीचा पगार पटवावा लागतो. लेखनाचेही तसेच. दक्षिणेतला सहलेखक आठवडाभर मजकुरावर बसू शकतो, उत्तरेतली सुईण दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात एक परिच्छेद वाचते. म्हणून पुष्कळ मजकूर बोलून तयार होतो. ती सांगते, दुसरा लिहितो, ती ऐकून दुरुस्त करते. हे लेखन नव्हे असे मानणाऱ्या परीक्षकांना अजून समजवावे लागते. खरे तर सगळ्यात कठोर संपादन याच पद्धतीत होते, कारण मोठ्याने वाचल्यावर पोकळ वाक्य लपत नाही.

मुलाखतींत वेगळ्या अडचणी येतात. बोलणे इनुक्तितुतमध्ये होते. ते त्या भाषेच्या लिपीत उतरवायचे आणि मग इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये आणायचे, यात मूळ कामाहून अधिक दिवस जातात. शिवाय सर्व काही बोललेच जात नाही. इनुइट माणूस ‘हो’ म्हणताना भुवया उंचावतो, ‘नाही’ म्हणताना नाक मुरडतो. ध्वनिमुद्रणात तेथे शांतता असते. दक्षिणेतल्या विद्यार्थ्याने उतरवलेल्या मुलाखतीत अशा जागी ‘उत्तर नाही’ असे लिहून आलेले असते, आणि गावची सुईण तेच ऐकून सांगते की बाईने होकार दिला होता. मुलाखत घेतानाच ‘ती हो म्हणते आहे’ असे मोठ्याने म्हणून ठेवणे, एवढ्या साध्या उपायाने पुष्कळ उत्तरे वाचतात. वृद्ध बायकांना प्रश्नावली दिली तर त्या गप्प बसतात. तंबूत किंवा बर्फाच्या घरात झालेल्या बाळंतपणाची हकीगत सांगा म्हटले की तासभर बोलतात.

आकड्यांकडे वळले की लहान लोकसंख्येचा पेच येतो. २००० ते २००७ या काळातील बाळंतपणांचा अभ्यास ‘बर्थ’ या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत विकी व्हॅन वॅगनर यांच्यासारख्या दक्षिणेतल्या सुईणीबरोबर इनुइट सुईणही होती. या अभ्यासात १,३७२ बाळंतपणे होती. त्यांतली ८६ टक्के नुनाविकमध्येच झाली, आणि ८५ टक्के बाळंतपणांना सुईणी हजर होत्या. ९७ टक्के प्रसूती नैसर्गिक मार्गाने झाल्या. तातडीने विमानाने हलवावे लागण्याची मुख्य कारणे मुदतपूर्व कळा आणि गरोदरपणातील रक्तदाबाचा गंभीर विकार ही होती. ‘सुरक्षित आहे कशावरून?’ याला यापेक्षा चांगले उत्तर देणे अवघड.

पण हेच आकडे वेगळे वाचता येतात. सात-आठ वर्षांत इतकी बाळंतपणे म्हणजे वर्षाला दोनशेहून कमी. एखाद्या वर्षी एका बाळाचा मृत्यू झाला की दर हजारी प्रमाण पाचाहून अधिकाने वर जाते, एकही झाला नाही की शून्य होते. एका वर्षाच्या आकड्यावरून सेवा चांगली की वाईट हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला हे समजावणे हा तरुण सुईणीच्या संख्याशास्त्राचा पहिला उपयोग. त्याच अभ्यासात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचे प्रमाण १५.४ टक्के आहे. नुसते वाचले तर धडकी भरते. त्यांतल्या बहुतेकींचा रक्तस्राव १,००० मिलिलिटरच्या आत होता, हे पुढचे वाक्य वाचले की चित्र बदलते. रक्त मोजण्याची शिस्त जिथे कडक, तिथे रक्तस्राव जास्त दिसतो, हे कोणतीही अनुभवी सुईण सांगेल. निबंधाच्या चर्चेच्या भागात हे वाक्य कोणी लिहायचे, तर ज्या हातांनी रक्त मोजले त्यांनी.

लहान गावाचा दुसरा पेच गुप्ततेचा. चारपाचशे वस्तीच्या गावात ‘एकोणीस वर्षांची पहिलटकरीण, मार्च महिना, रक्तदाबामुळे विमानाने पाठवली’ एवढे छापले की नाव छापल्यासारखेच झाले. सुईण स्वतः तिची मावशी किंवा चुलतबहीण असते. विद्यापीठाची नीतिसमिती अशा नात्याला ‘हितसंबंध’ म्हणते आणि संमती दुसऱ्या कोणी घ्यावी असे सुचवते. गावात दुसरे कोणी म्हणजे बाहेरून आलेली अनोळखी व्यक्ती, आणि तिला कोणी काही सांगत नाही. मधला मार्ग निघतो तो असा : संमती सुईणीनेच घ्यायची, पण नकार मात्र तिच्याखेरीज आणखी एका ठिकाणी कळवता येईल अशी सोय ठेवायची, म्हणजे नातेवाइकाला तोंडावर नाही म्हणण्याची वेळ येत नाही. वय आणि महिना यांचे रकाने मोठ्या गटांत एकत्र करायचे, आणि दोनचार जणींच्याच नोंदी असतील तर तक्ता गाळायचा. यात माहिती जाते. तिची किंमत ठरवायचा हक्क गावाचा.

हा हक्क आता नियमांतही आला आहे. मूलनिवासींबाबतच्या संशोधनावर एक स्वतंत्र प्रकरण कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन-नीतीत २०१० मध्ये आले. इनुइटांची राष्ट्रीय संघटना इनुइट तापिरीत कनातामी हिने २०१८ मध्ये संशोधनाचे आपले धोरण जाहीर केले. नियम आले म्हणून कागद वाढले, ही तक्रारही ऐकू येते आणि ती अगदीच खोटी नाही. दक्षिणेतल्या संशोधकांसाठी आखलेले अर्ज गावातल्या सुईणीलाही भरावे लागतात. आपल्याच गावाची परवानगी मागणारा इंग्रजी अर्ज भरताना तिला गंमत वाटते आणि चीडही येते. ते कागद तिच्या वतीने भरून देणे, हे साथीदाराचे सर्वांत कंटाळवाणे आणि बहुधा सर्वांत उपयोगी काम.

निष्कर्ष परत नेण्याची वाट मात्र गावांकडे तयारच आहे. नुनाविकच्या गावांत स्थानिक एफएम रेडिओ ऐकला जातो. सुईण तेथे बसून बोलते आणि लोक फोन करून विचारतात. छापण्याआधी हे झाले तर चुका तेथेच पकडल्या जातात. एखाद्या वर्षी बाळंतपणे गावाबाहेर जास्त का झाली याचे कारण तक्त्यात सापडत नाही, फोनवरची बाई ते सहज सांगते : त्या वर्षी सुईणी कमी होत्या, किंवा हवामानाने विमाने अडली. आकडेवारीच्या भाषेत हा गोंधळ घालणारा घटक, गावाच्या आठवणीत ती सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट.

लेखकांच्या यादीतला बदल हळूहळू झाला. २००७ मध्ये अमेरिकेतील सुईणींच्या नियतकालिकात नुनाविकची हकीगत आली तेव्हा ब्रेंडा इपू या इनुइट सुईणीचे नाव दुसरे होते. २०२१ च्या एका ग्रंथातल्या प्रकरणात ते पहिले आहे. तरीही गावातले शिक्षण विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाशी सहज जोडले जात नाही, आणि स्वतःच्या नावावर निधी मागायचा तर बहुधा दक्षिणेतली संस्था पाठीशी लागते. शिकून तयार झालेली सुईण टिकवणे हेही अवघडच. घरांची टंचाई, रात्रीची हाक आणि प्रत्येक मृत्यूचे नातेवाईकही आपलेच, यांनी थकून काही जणी काम सोडतात. त्यांच्याबरोबर अर्धवट अभ्यासही थांबतो. म्हणून एकीला घडवण्याऐवजी दोघीतिघींना एका विषयावर एकत्र बसवणे, आणि कच्ची माहिती संशोधकाच्या संगणकावर न ठेवता आरोग्यकेंद्रात ठेवणे, अशी पद्धत सोयीची ठरते.

पुढचे प्रश्न सुईणींनीच मांडून ठेवले आहेत. पुविर्नितुक, इनुकजुआक आणि सालुइत येथे बाळंतपणाची सोय आहे. किनाऱ्यावरच्या लहान गावांतल्या बायकांना त्यासाठी शेजारच्या गावी विमानाने जावे लागते. हा प्रवास मॉन्ट्रियलच्या मानाने छोटा, आणि उतरल्यावर भाषा आपलीच असते. पण मागे राहिलेली मुले मागेच राहतात. या गावांत वर्षाला मोजकीच बाळंतपणे होतात. तेवढ्यासाठी तेथे सुईण ठेवली तर तिचा हात सरावात कसा राहील, आणि न ठेवली तर त्या बायकांच्या आठवड्यांचा हिशेब कोणी मांडायचा, या दोन बाजू समोरासमोर ठेवणारा अभ्यास करायचा तर वर्षांची संख्या वाढवावी लागेल, आणि जुन्या वह्यांतली नोंद नव्या संगणकीय नोंदीशी जुळवावी लागेल.